कार्डिनल सिस्नेरोस : ग्रंथभाषा आणि लोकभाषा

स्पेनचा कार्डिनल फ्रान्सिस्को हिमेनेस द सिस्नेरोस (१४३६–१५१७) याचे नाव अभ्यासकाला दोन भिन्न संदर्भांत भेटते. पाठचिकित्सेच्या व भाषाभ्यासाच्या इतिहासात तो आल्काला येथील विद्यापीठाचा संस्थापक आणि तेथे छापलेल्या बहुभाषी बायबलचा आश्रयदाता म्हणून येतो. स्पेनमधील मुसलमानांच्या इतिहासात तोच ग्रानादा येथे सहस्रावधी अरबी ग्रंथांची होळी करविणारा धर्माधिकारी म्हणून येतो. पहिल्या इतिहासाचे लेखक होळीचा उल्लेख खेदपूर्वक एका वाक्यात आटोपतात. दुसऱ्या इतिहासाचे लेखक बहुभाषी बायबलकडे त्याच्या स्वभावातील एक विसंगती म्हणून पाहतात. दोघांनाही हा एकच मनुष्य असल्याची अडचण वाटते. ही अडचण वास्तविक नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ग्रंथ छापणे आणि ग्रंथ जाळणे ही दोन्ही कृत्ये भाषेविषयीच्या एकाच धारणेतून निघालेली आहेत. ती धारणा कोणती, हे त्याच्या चरित्राच्या आधारे पाहावयाचे आहे.

१

सिस्नेरोसचा जन्म कॅस्टीलमधील तोर्रेलागुना या गावी, नाव मोठे पण मिळकत बेताची अशा घराण्यात १४३६ साली झाला. त्याचे मूळ नाव गोन्सालो. सालामांका येथे धर्मशास्त्राचे व कायद्याचे अध्ययन करून तो रोमला गेला आणि काही वर्षे तेथील धर्मन्यायालयांत वकिली करून परतला. येताना त्याने पोपचे एक आज्ञापत्र आणले होते. तोलेदोच्या धर्मप्रांतात जे पहिले योग्य पद रिकामे होईल ते या व्यक्तीस द्यावे, असा त्याचा आशय होता. त्याप्रमाणे त्याने उसेदा येथील पदावर हक्क सांगितला. तोलेदोचा आर्चबिशप आल्फोन्सो कार्रिल्यो याला ते पद आपल्या माणसास द्यावयाचे होते. सिस्नेरोस माघार घेईना, तेव्हा आर्चबिशपने त्याला कैदेत टाकले. सुमारे सहा वर्षे तो बंदिवासात राहिला; पण त्याने हक्क सोडला नाही, आणि शेवटी ते पद त्यालाच मिळाले.

हा प्रसंग त्याच्या पुढील आयुष्यावर प्रकाश टाकणारा आहे. लेखी आज्ञा हाती असेल, तर परिस्थिती आणि माणसे तिच्यापुढे वाकली पाहिजेत, हा त्याचा विश्वास आयुष्यभर टिकला. १४८० मध्ये उसेदाच्या पदाची अदलाबदल करून तो सिग्वेन्सा येथे गेला. तेथील बिशप पेद्रो गोन्सालेस द मेन्दोसा याने त्याची योग्यता ओळखून धर्मप्रांताचा कारभार त्याच्याकडे सोपविला. याच काळात त्याने हिब्रू व अरामी या भाषांचा अभ्यास केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

१४८४ मध्ये वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याने सर्व पदांचा व उत्पन्नाचा त्याग केला आणि फ्रान्सिस्कन संघाच्या कडक नियम पाळणाऱ्या शाखेत प्रवेश घेतला. फ्रान्सिस्को हे नाव त्याने तेव्हा धारण केले. हे वैराग्य दिखाऊ नव्हते. १४९२ मध्ये मेन्दोसाच्या शिफारशीने राणी इझाबेलाने त्याला आपला पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू नेमले. तरीही तो मठवासीच राहिला. १४९५ मध्ये मेन्दोसाच्या मृत्यूनंतर तोलेदोचे आर्चबिशपपद रिकामे झाले. या पदाबरोबर कॅस्टीलचे प्रधानपद आणि अपार संपत्ती येत असे. सिस्नेरोसने ते कित्येक महिने नाकारले. पोपची स्पष्ट आज्ञा आल्यावरच स्वीकारले. पुढे पदाला शोभेल अशा थाटाने राहण्याविषयी पोपला त्याला लिहावे लागले, तेव्हा त्याने रेशमी वस्त्रे अंगावर घेतली, पण त्यांखाली संघाचा जाडाभरडा झगा ठेवला. अशा माणसाला लाच देणे, भीती घालणे किंवा त्याचे मन वळविणे ही तिन्ही कामे कठीण असतात. शासनाच्या दृष्टीने हा गुण होता. ग्रानादाच्या रहिवाशांच्या वाट्याला त्याची दुसरी बाजू आली.

२

ग्रानादा हे स्पेनमधील शेवटचे मुसलमानी राज्य २ जानेवारी १४९२ रोजी फर्डिनंड व इझाबेला यांच्या स्वाधीन झाले. शरणागतीचा करार आदल्या नोव्हेंबरात ठरला होता. आपला धर्म, मशिदी, कायदा व चालीरीती पाळण्याचे स्वातंत्र्य त्याने तेथील मुसलमानांस दिले होते. नव्या धर्मप्रांताचा पहिला आर्चबिशप एर्नान्दो द तालाव्हेरा हा होता. तो हिएरोनिमाइट संघाचा साधू व सिस्नेरोसच्या आधीचा राणीचा धर्मगुरू. त्याच्या पूर्वजांत ख्रिस्ती झालेले यहुदी होते.

धर्मांतर हे त्यालाही हवे होते. त्याविषयी त्याच्यात आणि सिस्नेरोसमध्ये मतभेद नव्हता. मतभेद होता तो भाषेविषयी. ज्याला उपदेश करावयाचा त्याची भाषा उपदेशकाने शिकली पाहिजे, अशी तालाव्हेराची भूमिका होती. त्याने उतारवयात स्वतः थोडी अरबी शिकण्याचा प्रयत्न केला आणि आपल्या हाताखालील धर्मगुरूंना ती शिकावयास लावले. त्याच्याच संघातील पेद्रो द आल्काला याने या कामासाठी अरबीचे एक व्याकरण व एक स्पॅनिश-अरबी कोश सिद्ध केला. हे दोन्ही ग्रंथ १५०५ मध्ये ग्रानादा येथे छापले गेले. कोशाची स्पॅनिश शब्दयादी आन्तोनियो द नेब्रिहा याच्या स्पॅनिश-लॅटिन कोशावर आधारलेली आहे. अरबी शब्द मात्र ग्रानादाच्या बाजारात व घरांत बोलले जात तेच, लॅटिन लिपीत, आवश्यक तेथे नवी चिन्हे योजून लिहिलेले आहेत. कुराणाची शिष्ट अरबी पेद्रोने मुद्दाम बाजूस ठेवली, कारण पाद्र्याला ज्यांच्याशी बोलावयाचे होते ते लोक ती बोलत नव्हते.

१४९९ मध्ये राजा-राणी ग्रानादास आली तेव्हा तेथे धर्मांतराची गती मंद असल्याचे दिसून आले. त्यांच्या मागे सिस्नेरोस तेथे राहिला आणि त्याने काम हाती घेतले. प्रतिष्ठित फकिहांना त्याने देणग्या देऊन वश केले. न वळणाऱ्यांना तुरुंगात टाकले. समुदायावर पवित्र जल शिंपडून एकेका दिवशी हजारोंना बाप्तिस्मा देण्यात आला. त्या लोकांना कोणत्या भाषेत काय समजावून सांगितले, हा प्रश्नच या पद्धतीत उद्भवत नव्हता. पूर्वी ख्रिस्ती असून मुसलमान झालेल्यांच्या कुटुंबांवर कारवाई सुरू होताच, १८ डिसेंबर १४९९ रोजी अल्बाइसिन या वस्तीत उठाव झाला. त्या वेळी तालाव्हेरा शस्त्रांवाचून, केवळ क्रूस पुढे धरून जमावात गेला, आणि लोकांनी त्याच्या झग्याचे चुंबन घेतले, असे वर्णन आहे. राजा-राणीची सिस्नेरोसवर प्रथम मर्जी खप्पा झाली. पण उठाव करून मुसलमानांनी कराराचा स्वतःच भंग केला आहे, हा त्याचा युक्तिवाद अखेर मान्य झाला. १५०२ मध्ये कॅस्टीलच्या सर्व मुसलमानांना बाप्तिस्मा किंवा देशत्याग यांपैकी एकाची निवड करण्याचा हुकूम निघाला.

अरबी ग्रंथांची होळी ही १४९९ ते १५०१ या काळातील. जाळलेल्या ग्रंथांची संख्या चार-पाच हजारांपासून दहा लाखांपर्यंत सांगितली गेली आहे. त्याच्या निकटच्या सेवकाने, हुआन द वाल्येहोने, दिलेला आकडा चार-पाच हजारांचा आहे, आणि तोच विश्वसनीय वाटतो. मोठे आकडे पुढील शतकांतील अभिमानाने किंवा संतापाने फुगविलेले आहेत. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने संख्येपेक्षा एक तपशील अधिक महत्त्वाचा आहे. वैद्यकावरचे तीस-चाळीस ग्रंथ निवडून वेगळे काढण्यात आले आणि आल्कालाच्या ग्रंथालयासाठी ठेवण्यात आले. १५०९ मध्ये ओरान जिंकल्यावरही वैद्यक व ज्योतिष या विषयांची काही अरबी हस्तलिखिते त्याने आल्कालास आणली, असे चरित्रकार नमूद करतात. म्हणजे अरबी अक्षर दिसताच अग्नीत टाकणारा हा आंधळा द्वेष नव्हता. ग्रंथ वाचून, वर्गवारी करून, कोणता ठेवावा व कोणता जाळावा याचा निर्णय करण्यात आला होता. जाळणारी बुद्धी ही ग्रंथपालाची बुद्धी होती.

याच सुमारास तालाव्हेराच्या मंडळींनी प्रार्थना व धर्मपाठ अरबीत उतरविण्याचे योजिले होते, आणि बायबलचे भाषांतर करण्याचाही विचार निघाला होता. सिस्नेरोसने त्यास विरोध केला. सामान्य जन जे सहज हस्तगत करतात त्याचा आदर ठेवीत नाहीत, म्हणून पवित्र ग्रंथ ज्या तीन भाषांत क्रूसावरील फलक लिहिला गेला त्या हिब्रू, ग्रीक व लॅटिन भाषांतच राहावा, अशा आशयाचे त्याचे मत चरित्रकारांनी नोंदविले आहे. येथे त्याच्या भाषाविषयक धारणेचे सूत्र हाती लागते.

३

ज्या १४९९ मध्ये सिस्नेरोस ग्रानादास गेला, त्याच वर्षी आल्काला येथे विद्यापीठ स्थापण्यास पोप सहाव्या अलेक्झांडरने अनुमती दिली. अध्यापन १५०८ मध्ये सुरू झाले. आल्कालाचे रोमन काळातील नाव काँप्लुतुम. त्यावरून तेथे सिद्ध झालेल्या बायबलला काँप्लुतेन्सियन असे म्हणतात. १५०२ च्या सुमारास काम सुरू झाले. नव्या कराराचा खंड १० जानेवारी १५१४ रोजी आणि शेवटचा खंड १० जुलै १५१७ रोजी छापून झाला. एकूण सहा खंड, सुमारे ६०० प्रती. मुद्रक आर्नाओ गिल्येन द ब्रोकार.

या ग्रंथाचे पृष्ठच मुळी भाषाशास्त्रीय रचनेचा नमुना आहे. जुन्या करारात मध्यभागी लॅटिन व्हल्गेट, एका बाजूस हिब्रू, दुसऱ्या बाजूस ग्रीक सेप्तुआजिंत व त्याच्या ओळींमध्ये शब्दशः लॅटिन अनुवाद. पहिल्या पाच पुस्तकांत पृष्ठाच्या तळाशी ओंकेलोसचा अरामी अनुवाद व त्याचे लॅटिन भाषांतर. हिब्रू शब्द आणि त्याला उत्तर देणारा लॅटिन शब्द यांवर समान अक्षरखुणा घातलेल्या आहेत, आणि समासात हिब्रू शब्दांचे धातू दिलेले आहेत. सहाव्या खंडात हिब्रू-अरामी कोश व हिब्रूचे व्याकरण आहे. नव्या कराराच्या ग्रीक अक्षरांची घडण मुद्रणकलेत आजही नावाजली जाते. तेथे रूढ स्वराघातचिन्हे वगळून आघाताच्या स्वरावर केवळ एक खूण केली आहे. प्राचीन ग्रीक या चिन्हांवाचून लिहीत, हे कारण संपादकांनी प्रस्तावनेत दिले आहे. ऐतिहासिक दृष्टीचा असा विचारपूर्वक अवलंब त्या काळात विरळ होता.

या कामासाठी विद्वान कोठून आले हे पाहण्यासारखे आहे. ग्रीकसाठी क्रीटचा देमेत्रियोस दुकास, एर्नान नुन्येस, दिएगो लोपेस द सुन्यिगा हे होते. हिब्रू व अरामीचे काम आल्फोन्सो द सामोरा, पाब्लो कोरोनेल व आल्फोन्सो द आल्काला या तिघांकडे होते, आणि हे तिघेही यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले होते. १४९२ मध्येच यहुद्यांची स्पेनमधून हकालपट्टी झाली होती. ज्यांच्या पाठशाळांत हिब्रू जिवंत होती तो समाज देशाबाहेर गेला, आणि त्याची विद्या बाप्तिस्मा घेतलेल्या तीन पंडितांच्या रूपाने संपादकमंडळात उरली. सिस्नेरोसला हिब्रूविषयी मनःपूर्वक आदर होता, याविषयी शंका नाही. तो आदर भाषेच्या धारकांपर्यंत पोचत नव्हता.

४

मूळ भाषांचा आदर हा तरी निरपवाद होता काय? दोन प्रमाणे विचारात घ्यावी लागतात.

पहिले नेब्रिहाचे. कॅस्टिलियन भाषेचे पहिले व्याकरण १४९२ मध्ये प्रसिद्ध करणारा हा थोर वैयाकरण १५१३ मध्ये आल्काला येथे आला. व्हल्गेटचा लॅटिन पाठ जेथे संदिग्ध असेल तेथे हिब्रू व ग्रीक मुळाशी ताडून तो शुद्ध करावा, असे त्याचे मत होते. लॅटिन पाठ जुन्या लॅटिन हस्तलिखितांच्याच आधारे ठरवावा, त्यात अन्य भाषांच्या बळावर बदल करू नये, असा सिस्नेरोसचा निर्णय होता. नेब्रिहाने बहुभाषी बायबलचे काम सोडले. विद्यापीठातील त्याचे मानाचे स्थान मात्र सिस्नेरोसने कायम ठेवले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

दुसरे प्रमाण योहानाच्या पहिल्या पत्रातील. स्वर्गातील तीन साक्षींचा उल्लेख करणारे त्याच्या पाचव्या अध्यायातील वाक्य उत्तरकालीन लॅटिन परंपरेत रूढ झाले होते. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. काँप्लुतेन्सियन संपादकांनी ते ग्रीक स्तंभात छापले. तेथील ग्रीक वाक्य लॅटिनवरून रचलेले आहे, याविषयी पाठचिकित्सकांत आज एकमत आहे. समासात त्याच्या समर्थनार्थ कोणत्याही ग्रीक पोथीचा नव्हे, तर तेराव्या शतकातील लॅटिन पंडित थॉमस अक्वायनस याचा हवाला आहे. इरॅस्मसने १५१६ मध्ये आपल्या ग्रीक नव्या करारातून हे वाक्य वगळले, तेव्हा आल्कालाच्या सुन्यिगानेच त्याच्यावर टीका केली. पुढे १५२२ च्या आवृत्तीत इरॅस्मसने ते घातले. मूळ आणि अनुवाद यांचा जेथे मेळ बसेना तेथे आल्कालात मूळ अनुवादाप्रमाणे दुरुस्त झाले.

जुन्या कराराच्या पृष्ठमांडणीविषयी संपादकांनी प्रस्तावनेत एक दृष्टांत दिला आहे: मध्ये लॅटिन आणि दोन बाजूंस हिब्रू व ग्रीक, हे दोन चोरांच्या मध्ये असलेल्या ख्रिस्ताप्रमाणे आहे. आधुनिक वाचकाला हा दृष्टांत चमत्कारिक वाटतो. लेखकांच्या दृष्टीने तो सरळ होता. हिब्रू ही यहुद्यांची, ग्रीक ही रोमपासून फुटलेल्या पौर्वात्य धर्मपीठाची भाषा होती. मध्यस्थान रोमच्या भाषेचे. मूळ भाषा साक्षीदार म्हणून बोलावल्या होत्या. निकाल लॅटिनचाच होता.

आता हे सारे एकत्र मांडता येईल. सिस्नेरोसच्या दृष्टीने भाषेची किंमत तिच्यात साठविलेल्या ग्रंथावरून ठरते. हिब्रू, ग्रीक व अरामी यांत ईश्वरी वचन आहे, म्हणून त्या जतन कराव्यात. अरबीत वैद्यक आहे, म्हणून तेवढे ठेवावे. धर्म आहे तो खोटा, म्हणून जाळावा. कॅस्टिलियनमध्ये भक्तिपर वाङ्मय चालेल, आणि त्याला त्याने आश्रयही दिला. लुडॉल्फच्या ख्रिस्तचरित्राचा कॅस्टिलियन अनुवाद आल्कालातील अगदी प्रथम छापलेल्या पुस्तकांपैकी आहे. पण शास्त्रग्रंथ लोकभाषेत नको. या व्यवस्थेत बोलणाऱ्या माणसाला कोठेही जागा नाही. तालाव्हेराने व पेद्रो द आल्कालाने ज्या प्रश्नापासून आरंभ केला, म्हणजे हे लोक काय बोलतात, तो सिस्नेरोसला प्रश्न म्हणून दिसलाच नाही.

तालाव्हेराला आदर्श ठरविण्याचाही मोह टाळला पाहिजे. त्याला अरबी हवी होती ती इस्लामचा लोप करण्यासाठीच. तथापि साधन म्हणून का होईना, लोकांची भाषा ऐकावी लागते, आणि ऐकणाऱ्याच्या हातून काही टिकते, एवढा फरक दोघांत उरतो.

५

सिस्नेरोसची राजकीय कारकीर्द येथे थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. इझाबेला १५०४ मध्ये वारली. १५०६ मध्ये तिचा जावई फिलिप मरण पावताच राज्याची घडी सिस्नेरोसने सांभाळली. १५०७ मध्ये तो कार्डिनल झाला, आणि त्याच वर्षी धर्मन्यायपीठाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, मुख्य अधिकारीही. त्याच्या आधीच्या काळात कोर्दोबाचा धर्मन्यायाधीश लुसेरो याने वृद्ध तालाव्हेरावरही गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याचा आरोप केला होता. रोमने तालाव्हेराला निर्दोष ठरविले, पण मे १५०७ मध्ये तो वारला. सिस्नेरोसने अधिकार हाती येताच लुसेरोला अटक करविली. १५०९ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्याने स्वखर्चाने ओरानवर स्वारी नेली. १५१६ मध्ये फर्डिनंडच्या मृत्यूनंतर तो पुन्हा राज्यपालक झाला. वेस्ट इंडीजमधील मूळ रहिवाशांवरील जुलमांची तक्रार घेऊन बार्तोलोमे द लास कासास आला तेव्हा त्याने ती ऐकून घेतली, तीन हिएरोनिमाइट साधूंना चौकशीसाठी धाडले आणि लास कासासला त्या लोकांचा रक्षक नेमले. क्रौर्य हा त्याचा स्थायीभाव होता असे म्हणता येत नाही. म्हणूनच ग्रानादाची घटना केवळ स्वभावदोषाने उलगडत नाही. तिच्यामागील विचार पाहावा लागतो.

बायबलचा शेवटचा खंड पूर्ण झाला तेव्हा मुद्रकाचा मुलगा सणाचे कपडे घालून छापील पृष्ठे घेऊन त्याच्याकडे गेला, आणि वृद्ध कार्डिनलने आकाशाकडे पाहून देवाचे आभार मानले, अशी कथा आहे. चार महिन्यांनी, ८ नोव्हेंबर १५१७ रोजी, नव्या राजाच्या भेटीस जात असता रोआ या गावी त्याचा मृत्यू झाला. ग्रंथाच्या प्रसारास पोपची मान्यता मिळावयास १५२० उजाडले. तोपर्यंत इरॅस्मसची ग्रीक आवृत्ती सर्वत्र पोचली होती.

६

दोन्ही वारशांचे पुढे काय झाले? आल्कालात शिकलेल्या बेनितो आरियास मोन्तानो याने काँप्लुतेन्सियन पाठाच्या पायावर अँटवर्प येथे नवे बहुभाषी बायबल सिद्ध केले. त्याची छपाई १५६८ ते १५७२ या काळात झाली. गोव्याहून निघालेल्या रुडॉल्फ आक्वाव्हिव्हा व आन्तोनियो मोन्सेर्रात यांच्या जेझुइट मंडळींनी १५८० मध्ये फतेपूर सिक्री येथे अकबराला जे बायबल भेट दिले ते हेच. आल्कालाच्या छापखान्यातील श्रमांचा एक धागा असा गोव्यामार्गे मोगल दरबारापर्यंत येतो.

ग्रानादाच्या धोरणाची परिणती दुसऱ्या फिलिपच्या १५६७ च्या हुकमात झाली. त्याने बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांना अरबी बोलण्या-लिहिण्यास मनाई केली. त्यातून १५६८ ते १५७१ चा अल्पुहार्रासचा उठाव झाला, आणि १६०९ ते १६१४ मध्ये त्या सर्व समाजाला स्पेनबाहेर घालविण्यात आले. ग्रानादाची बोली तेथेच संपली.

या दोन भूमिकांतील झगडा आपल्याकडे गोव्यातही झाला. सिस्नेरोसच्या प्रभावाशी त्याचा थेट कारणसंबंध जोडता येणार नाही, पण प्रश्न तोच होता. फादर थॉमस स्टीफन्सने रचलेले आणि त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापलेले कोंकणीचे व्याकरण, आणि लोकभाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा १६८४ चा पोर्तुगीज व्हाइसरॉयचा हुकूम, यांच्यामध्ये अवघी चव्वेचाळीस वर्षे आहेत. तालाव्हेरा आणि सिस्नेरोस यांच्या भूमिका एकाच शासनात लागोपाठ कशा नांदू शकतात, हे तेथे दिसते.

आजच्या अभ्यासकाला पंधराव्या शतकातील ग्रानादाचा शेतकरी व बाजारी मनुष्य कसा बोलत होता हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याचा मुख्य आधार म्हणजे पेद्रो द आल्कालाचा कोश. सिस्नेरोसच्या बायबलमधील पाठ नंतरच्या संशोधनाने मागे टाकले. त्याची जागा आता मुद्रणाच्या व पाठचिकित्सेच्या इतिहासात आहे. पेद्रोच्या कोशाची जागा मात्र दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाने घेतलेली नाही, आणि आता ती घेताही येणार नाही, कारण ती बोली बोलणारे लोकच उरले नाहीत. आपल्या विद्यापीठांत भाषेचे विभाग हस्तलिखितांभोवती उभे राहिले, आणि ते योग्यच होते. तथापि कोणते ग्रंथ जपावेत हे ठरविताना, ते ज्यांच्या भाषेत आहेत ती माणसे काय बोलतात याची नोंदही त्याच वेळी होत आहे किंवा नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्या विभागांवरच येते. ग्रानादाची होळी एका चांगल्या ग्रंथालयाच्या संस्थापकाने केली होती, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी विसरता कामा नये.